खड्ड्यातल्या माणसाचं कुलूप

पुनरुत्थान रविवारानंतरचा मंगळवार

धाकट्या,

हे पत्र फाडणार असशील तर ही एक ओळ वाच आणि मग फाड. तुझं कुलूप सापडलंय.

तेच. लाल रंगाचं, बुडाला माझ्या नेलपॉलिशचा पट्टा असलेलं. ती बाटली तू माझ्या ड्रॉवरमधून पळवली होतीस, आणि वर 'मरून रंग तुला शोभत नाही' असं मलाच ऐकवलं होतंस. पट्टा अजून आहे, एका कोपऱ्यात टवका उडालाय. कुलूप बंद आहे.

चौकशीत तू एकच वाक्य बोलत राहिलास, 'मी मेन स्विच बंद करून, त्याला माझं कुलूप लावूनच लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो.' कंपनीची माणसं विचारत राहिली, 'मग ते गेलं कुठे?' मेन स्विचवर नव्हतं, जमिनीवर नव्हतं, तुझ्या पिशवीत नव्हतं. शेवटी 'निष्काळजीपणा' असं लिहून त्यांनी फाईल मिटवली. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि वर नोकरीही गेली. माझा तुझ्यावर तेव्हाही विश्वास होता. आठवत नसेल तर तुझं तू बघ.

ते लंब्याकडे होतं. तुझ्याबरोबर एकाच जोडीत काम करणाऱ्या, आपल्या घरी हक्काने जेवणाऱ्या लंब्याकडे. इतकी वर्षं.

पवित्र शनिवारी सकाळी मी चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीत होते. आठवडाभर हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी उपसते आणि सुट्टीच्या दिवशी इथे वेदीचे रुमाल धुते, ते तुला माहीतच आहे. त्या रुमालांनी मिस्सेच्या उपासनेत प्रभूच्या रक्ताचा प्याला पुसलेला असतो, म्हणून पहिलं पाणी मोरीत ओतायचं नसतं. बाहेर मातीत नेऊन ओतायचं. मी ते भांडं उचलून वळले, तर दारात हा वाकून उभा. त्याची उंची आणि ते दार यांचं कधी जमलंच नाही.

"ताई, फादरांना सांगून झालंय. आता तुम्हाला सांगायचंय."

"फादरांना सांगितलंस ना? मग झालं. बाजूला हो, हातात पाणी आहे माझ्या."

"तिथं पाप सांगितलं. वस्तू द्यायची राहिली."

आणि त्याने इस्त्री केलेल्या पांढऱ्या रुमालांच्या शेजारी ते कुलूप ठेवलं. मला ते ओळखायला क्षणही लागला नाही. पाणी माझ्याच साडीवर सांडलं.

त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. चहाची वेळ झाली होती. तू चहा कधी चुकवत नाहीस, तेव्हा तू वर आला असशील असं तो धरून चालला. स्विचवरचं तुझं कुलूप काढून खिशात टाकलं आणि स्विच लावला. तू खाली शेवटचा नट आवळत होतास. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. लोक धावत आले, कुणीतरी ओरडलं, 'कुलूप नव्हतं का लावलं?' आणि हा म्हणाला, 'नव्हतं.' हात खिशातच होता.

मी त्याला मारलं नाही. ओल्या हाताने एक ठेवून द्यावी असं फार वाटलं, पण समोर क्रूस होता आणि लंब्याच्या गालापर्यंत माझा हात पोचत नाही.

"तोडून देऊ का?" त्याने विचारलं. "किल्ली मी तेव्हाच गटारात टाकली."

"खबरदार," मी म्हटलं. "त्याचं कुलूप तोच काढेल."

हे मला तूच शिकवलं होतंस. खड्ड्यात उतरणाऱ्याने आपलं कुलूप आपण लावायचं, आणि वर आल्यावर आपणच काढायचं. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. कुलूप दिसतंय तोवर माणूस खाली आहे, स्विच लावायचा नाही.

आता ते माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकतंय. तुझी किल्ली तुझ्या जुडग्यात असेल. माझ्या घराचीही त्यातच आहे, मी ती कधी परत मागितली नाही.

ताई


थोमाचा रविवार, दुपार

धाकट्या,

उत्तर आलं नाही. इतक्यात येणारही नव्हतं, पण मी टपालवाल्याला दोनदा विचारून त्याचं डोकं खाल्लं.

गेल्या पत्रात मी एक गोष्ट गिळली. ती पचत नाही, म्हणून लिहिते. लंब्याने तुझं कुलूप तोडलं नव्हतं, किल्लीने उघडलं होतं. तुझ्या कुलपाची दुसरी किल्ली. ती तूच त्याला दिली होतीस.

म्हणे, रोज कुणीतरी वर-खाली खेपा घालणार, तेवढ्यासाठी कशाला थांबायचं, तू म्हणालास, 'आपल्यात काय दुसरेपणा आहे, ठेव ही.' तुमच्या धंद्यात दुसरी किल्ली कुणाला देत नाहीत. ती नसतेच, असं मानतात. आणि तू ती अशी दिलीस, जसं एखादा आपल्या ताटातला घास देतो.

चौकशीत तू हे का बोलला नाहीस? एवढं बोलला असतास तर लंब्याला खिसे उलटे करायला लावले असते त्यांनी. मी आठवडाभर डोकं खाजवलं आणि आज मिस्सेच्या वेळी कळल्यासारखं वाटलं. बोलला असतास तर तू स्वतःच आपला जीव कुणाच्या हातात दिला होतास, ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. निष्काळजी म्हणवून घेणं परवडलं, पण 'विश्वास ठेवला आणि फसलो' हे म्हणवलं नाही. बरोबर ना? चुकत असेन तर खोडून काढ. खोडायला तरी लिही.

आज शुभवर्तमानात शिष्य दारं लावून बसले होते. फादर म्हणाले, ते बाहेरच्या लोकांना भ्यायले होते. मला वाटतं ते एकमेकांनाही भ्यायले असतील. त्या खोलीत प्रभूला सोडून पळून गेलेले होते, 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून नाकारणारा पेत्र होता. कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नसेल. प्रभू आत आला तेव्हा त्याने दार उघडायला सांगितलं नाही की कडी तोडली नाही. आधी शांती म्हणाला आणि मग हात दाखवले. आठवड्याने, खुणा बघितल्याशिवाय न मानणाऱ्या थोमासाठी, परत आला तेव्हाही दारं लावलेलीच होती. हे मला आजवर कधी खटकलं नव्हतं. त्याला भेटूनही त्यांनी दारं लावलीच होती! तरीही तो आला.

तुझ्यावर बोलत नाहीये. मागे जेवताना, लंब्याने तुझ्याविरुद्ध साक्ष दिली तरी त्याला 'माफ करून टाक बाबा' म्हटलं, तेव्हा तू ताटावरून उठलास तो गाव सोडूनच गेलास. तेव्हापासून तुला उपदेश करायची मला भीती वाटते. म्हणून नुसतं थोमाबद्दल लिहिलं.

ताई


पुनरुत्थानकाळाचा तिसरा आठवडा, शुक्रवार

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. 'किल्ली मी दिली होती. पुढे?' एवढंच. अक्षर डाव्या हाताचं, पण उद्धटपणा उजव्या हाताचाच आहे. मला रडू आलं आणि हसूही आलं.

पुढे असं, की लंब्याने माझ्याकडे एक मागितलंय, आणि ते तुझ्यापासून लपवलं तर मी कुठल्या तोंडाने तुला पत्रं लिहू?

लहानपणी त्याचं दृढीकरण राहून गेलं होतं. बाप्तिस्मा झाला आणि पुढे चर्चचं तोंड बघितलं नाही. आता पेन्टेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या सणाला, बिशप येणार आहेत, मोठ्या वयाच्या लोकांचं दृढीकरण आहे, त्यात त्याने नाव दिलंय. बिशप कपाळाला पवित्र तेल लावतात तेव्हा मागे कुणीतरी उभं राहून त्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवायचा असतो. म्हणजे मी याची साक्षीदार, याला यापुढे मी सांभाळीन. लंब्याला कुणीच नाही. त्याने मला विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "लाज नाही वाटत? माझ्या भावाचा उजवा हात खाल्लास आणि माझा मागतोस?" दृढीकरणाच्या शिकवणीला जमलेली सगळी खोली ऐकत होती. तो म्हणाला, "वाटते. म्हणूनच दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."

मी 'नाही' म्हणून घरी आले. आज सकाळच्या मिस्सेत वाचन माझ्याकडेच होतं. आणि काय निघावं? शौलाचं. ख्रिस्ताच्या माणसांना बांधून नेणारा शौल वाटेत कोसळतो, आंधळा होतो, आणि देव हनन्या नावाच्या आपल्या भक्ताला सांगतो, जा, त्याच्यावर हात ठेव. हनन्या सरळ 'हो' म्हणत नाही. तो देवाला सांगतो, या माणसाबद्दल मी काय काय ऐकलंय! जणू देवाला बातमीच नव्हती. तो माणूस मला फार आवडला. पण मग तो जातो आणि त्या घरात शिरल्यावर पहिला शब्द काढतो, 'भाऊ'.

  भाऊ म्हणायला मला एकच माणूस आहे, आणि तो शब्द वाटून द्यायला माझ्याकडे दुसरा नाही.

म्हणून मी संध्याकाळी लंब्याला गाठलं आणि अट घातली. पेत्राने नाकारलं होतं ते कुठे? शेकोटीभोवती, चारचौघांत. प्रभूनेही त्याला नंतर शेकोटीपाशी चारचौघांतच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? 'जाऊ दे, झालं गेलं' म्हणाला नाही. विचारत राहिला, पेत्राला दुखेपर्यंत. मी लंब्याला म्हटलं, "तू खोटं बोललास कारखान्यात, आणि खरं सांगतोस मला नि फादरांना, दार लावून. जिथे खोटं बोललास तिथे जाऊन खरं बोल. मग माझ्या हाताचं बघू."

तो आता तिथे सुपरवायझर आहे, हे तुला माहीत नसेल. त्याचा चेहरा पांढरा पडला.

ताई


त्यानंतरचा गुरुवार

धाकट्या,

तो बोलला.

मी ऐकायला नव्हते, तुझ्या जुन्या फोरमनने फोन करून सांगितलं. चहाच्या सुट्टीत सगळे मेकॅनिक टेबलाभोवती होते. लंब्या खुर्चीवर चढला नाही, त्याला गरज नाही, नुसता उभा राहिला. म्हणाला, "त्याने कुलूप लावलं होतं. मी काढलं. मी खोटं बोललो." कुणीतरी हातातला कप खाली ठेवला, तेवढाच आवाज झाला म्हणे. मग एक पोरगेलासा मेकॅनिक थुंकला आणि बाहेर गेला. फोरमन मला सांगताना रडत होता. "ताई, मी चौकशीत सही केली होती हो."

लंब्याला त्याच दिवशी घरी बसवलं. चौकशी पुन्हा उघडतील. पोलिसांकडेही जाईल कदाचित. फोरमनने तुझा पत्ता मागितला, मी दिला नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

संध्याकाळी लंब्या माझ्या दारात आला. आत बोलावलं नाही. त्याची नजर खिळ्यावरच्या कुलपावर गेली आणि तिथेच राहिली.

"झालं," तो म्हणाला.

"कळलं," मी म्हटलं.

"आता तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, ताई."

तिथेच मी हरले. माझा हात मिळो न मिळो, त्याने खरं बोलून टाकलं होतं. मी त्याला हो म्हटलं. तुझी परवानगी मागत नाही, तुला कळवते आहे. 

तुला हेही सांगते, की मी त्याला माफ केलंय असं समजू नकोस. ते माझं नव्हेच, बोटं माझी गेली नाहीत. मी फक्त उभी राहणार आहे.

पेन्टेकॉस्टच्या रविवारी, दुपारी चारला, आपल्याच चर्चमध्ये.

ताई


स्वर्गारोहणाचा दिवस

धाकट्या,

कार्ड मिळालं. 'मी येतोय. त्याला सांगू नकोस.'

मी ते कार्ड उलटून-सुलटून पाहिलं, कुठे तरी एखादा बरा शब्द असेल म्हणून. नव्हता. तू शब्दाचा पक्का आहेस आणि रागाचाही. हॉस्पिटलच्या खाटेवर तू काय म्हणाला होतास ते मी विसरलेली नाही. 'तो पुन्हा समोर आला तर माझ्याकडे अजून दोन बोटं आहेत.' 

कपडे धुताना मी विचार केला, इस्त्री करताना केला. सांगितलं तर तुझा विश्वासघात. नाही सांगितलं तर मी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उभं करणार आणि मागून कोण येतंय ते मला माहीत असणार. असं उभं राहता येतं का? तो खड्ड्यात आहे आणि स्विचजवळ कोण आहे ते मला ठाऊक आहे, अशी ही गोष्ट झाली. तुमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते तूच सांग.

मी त्याला सांगितलं. रागव. तुझा हक्क आहे.

मला वाटलं तो नाव काढून घेईल.  तो म्हणाला, "येऊ दे. मला पाठ फिरवूनच उभं राहायचंय ना? बरंच झालं."

मी फादरांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, प्रार्थना कर. मी म्हटलं, फादर, ती चालूच आहे, दुसरं काही आहे का? ते हसले नाहीत. म्हणाले, "उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. त्या गेल्या असत्या तर ओळखला कसा असता?" मग त्यांनी एवढंच विचारलं, तुझा भाऊ कुठला हात पुढे करील?

मला माहीत नाही. धाकट्या, मला खरंच माहीत नाही, आणि मी तुला लहानपणापासून ओळखते.

येताना स्वेटर आण, चर्चमध्ये गारठा असतो. बघ, मी काय लिहितेय. तुला घाबरून बसलेय आणि तुला सर्दी होऊ नये म्हणूनही बसलेय.

ताई


पेन्टेकॉस्टचा दुसरा दिवस

धाकट्या,

काल काय झालं ते तुला माझ्याकडून ऐकायचं असेल.

लंब्या रांगेत शेवटचा होता. मी वेदीसाठी लाल वस्त्रं काढली, जळत्या मेणबत्त्या बघितल्या, आणि मग त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. खांद्याला हात पोचेना. तो गुडघ्यात थोडा वाकला. पहिल्या बाकावरची बाई हसली, मीही हसले असते, पण माझे कान दारावर होते.

आपल्या चर्चचं मागचं दार कुरकुरतं. दर वेळी ते कुरकुरलं की लंब्याचा खांदा माझ्या हाताखाली दगडासारखा व्हायचा. एकदा उशिरा आलेली आजी. एकदा कुणाचं तरी रडणारं मूल बाहेर नेलं. एकदा दार उघडलं आणि बराच वेळ मिटलं नाही. माझ्या मानेवर वारा लागला. मी वळले नाही. शपथेवर सांगते, वळायचं मनात आलं नाही असं नाही, पण माझा हात त्याच्या खांद्यावर होता आणि वळले असते तर तो निसटला असता. बिशपांनी तेलाचा अंगठा त्याच्या कपाळावर टेकवला. लंब्याने 'आमेन' म्हटलं ते इतकं हळू, की बिशपांनी परत बघितलं. मग दार मिटल्याचा आवाज आला.

तू होतास का रे? विचारत नाही. ठेव तुझ्यापाशी.

मिस्सा संपल्यावर मी प्रत्येक खांबामागे पाहिलं. लंब्याही पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "नाही आला." त्याच्या आवाजात सुटका नव्हती. त्याला वाईट वाटलं होतं.

मी एकटीच घरी आले. खाली लिफ्टपाशी शेजारच्या काकू भेटल्या. "तुमचा भाऊ येऊन गेला की हो. लिफ्टमध्ये माझ्याबरोबरच होता."

मी म्हटलं, "काकू, चुकताय तुम्ही. अपघातापासून तो लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. तिकडे पाचव्या मजल्यावर राहतो, तरी जिनेच चढतो."

"अहो, डाव्या हातात जुडगा, उजवा हात असा. मी ओळखत नाही का? घामाने निथळत होता बिचारा. मी म्हटलं बरं नाही का, तर म्हणाला, 'बरं आहे.' बटण त्यानेच दाबलं, त्या दोन बोटांतल्या एकाने."

मी वर आले. दार नीट लावलेलं होतं. आत चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. हात पुसायचा टॉवेल घडी करून ठेवलेला, वाकडीतिकडी घडी, डाव्या हाताची. इतकी वर्षं मी रुमालांच्या घड्या घालतेय, पण एवढी सुंदर घडी मी पाहिलेली नाही.

मग मी दाराशी गेले. तुझं कुलूप खिळ्यालाच होतं. उघडं. किल्ली त्यातच.

मी त्याला हात लावला नाही. तूच शिकवलंस ना, माणूस वर आल्यावरच आपलं कुलूप आपल्या हाताने काढतो, आणि मग स्विच लावायला हरकत नसते.

बाहेर अजून उजेड होता. तरी मी घरातले सगळे दिवे लावले.

तुझी ताई